चाचणीची वाळू

कानपूरच्या रस्त्यावर सरोजिनी नगर मागे पडलं होतं, बंथरा यायचं होतं. मधल्या एका टपरीवर मी चहा सांगितला आणि शाल काढायला डाव्या पिशवीत हात घातला, तर हात मनगटापर्यंत वाळूत गेला. गार, बारीक, जराशी दमट वाळू. हात तसाच आत ठेवून मी उभी राहिले. हाताला केव्हाच कळलं होतं की ही शाल नाही, स्वेटर नाही, ही ह्यांची वाळू आहे, चाचणीची. डोकं मात्र म्हणत होतं, जरा खाली चाचपून बघ, शाल खाली सरकली असेल. वा रे डोकं! उजवी पिशवी उघडली, तिच्यातही तेच. म्हणजे सायकलवरून एकटी झाशीला निघालेली मी, चंद्रप्रभा, बँकेत कॅशच्या काउंटरवर कधी एका नोटेची चूक न केलेली बाई, पहाटे मानक नगरच्या क्वार्टरमधून हातावर दहीसाखर घेऊन निघाले ती भरलेलं सामान घरात ठेवून आणि वाळू लादून. मला हसू आलं. टपरीवाला चूल सारखी करता करता म्हणाला, "क्या हुआ दीदी, कुछ छूट गया?" मी म्हटलं, "सब कुछ." तो उठून बघायला आला. इकडच्या माणसाला दुसऱ्याच्या पिशवीत डोकावायला परवानगी लागत नाही, पण डोकावतो ते अगदी अदबीनं. "अरे, ये तो बालू है! कहाँ ले जा रही हैं?" मी म्हटलं, "झाँसी." तो विचारात पडला. "झाँसी में तो बेतवा है, दीदी. वहाँ बालू की क्या कमी?" आता ह्यावर काय बोलणार, कपाळ!

चूक माझी, पण दोष ह्यांचा. माझे यजमान, मधुसूदन, रेल्वेच्या संशोधनात आहेत. नवा डबा रुळांवर पळायच्या लायकीचा आहे की नाही ते ठरवायचं, हे ह्यांचं काम. डबा भरलेला असताना बघायचा असतो आणि जिवंत माणसं भरून तर बघता येत नाही, म्हणून माणसांच्या जागी वाळूच्या गोण्या ठेवतात. बाकांवर, वरच्या बर्थवर, दारापाशी जिथे लोक उकिडवे बसतात तिथेसुद्धा. मग तो वाळूचा डबा भरधाव पळवायचा आणि कुठे हलतो, किती लचकतो ते यंत्रावर टिपायचं. लग्न झाल्यावर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं होतं, "त्यांतल्या एखाद्या गोणीला खिडकी मिळते का हो?" हे गंभीरपणे म्हणाले, "मिळते की, सगळ्याच जागांवर ठेवतो आम्ही." असा हा माणूस. त्यामुळे मी सायकलनं झाशीला जाणार म्हटल्यावर हे नको म्हणाले नाहीत, रस्त्यात ट्रक असतात म्हणाले नाहीत, तुझं वय काय म्हणाले नाहीत, म्हणाले, "लोड किती?" आणि कामाला लागले. आमचा अंथरूण गुंडाळायचा जुना होल्डॉल होता, चित्तरंजनपासून प्रत्येक बदलीत बरोबर आलेला. तो फाडून ह्यांनी आलमबागच्या शिंप्याकडून पिशव्या शिवून घेतल्या, कॅरियरच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या, पट्ट्यांच्या. एक जोड खरा, एक चाचणीचा. मी म्हटलं, अहो, दोन जोड कशाला? तर म्हणे, खऱ्या सामानाची धूळधाण कशाला करायची, चाचणी वाळूवर. आणि दोन्ही जोड हुबेहूब हवेत, तेच कापड, त्याच पट्ट्या, तेच वजन, नाहीतर चाचणीला अर्थ काय? पंधरवडाभर मी वाळू घेऊन कॉलनीत चकरा मारत होते आणि हे वऱ्हांड्यातून मागचं चाक बघत होते. मैत्रेयी, आमची मुलगी, कॉलेजला जाता जाता म्हणायची, "पापा, मम्मी को भी तौल लो एक बार." तिच्याशी मराठीत बोललं की उत्तर हिंदीत येतं, आणि खोचक तेवढं बरोबर येतं. तर आज पहाटे, धुक्यात, वऱ्हांड्यातला दिवा गेलेला असताना, "तुम्ही हात लावायचा नाही, माझं सामान मी चढवणार," असं बजावून मी जो जोड उचलला तो हा. वजन तेच, पट्ट्या त्याच. इतकी चोख चाचणी केल्यावर चूक कळणार कशी? पायांनासुद्धा नाही कळलं. विमानतळाच्या भिंतीशी मी गाणं गुणगुणत होते!

चहा आला. कुल्हडातून वाफ निघत होती, ती तोंडावर घेत मी बाकावर बसले, रस्त्याकडे पाठ करून, कारण रस्त्याकडे तोंड केलं की निर्णय घ्यावा लागला असता. मागून ट्रक जात होते, एखादी स्कूटर भर्रकन जात होती, बाक हादरत होता. मला आठवत होतं कालचं संध्याकाळचं भरणं. मी आयुष्यभर बॅगा भरत आले. ह्यांच्या टूरच्या बॅगा, इतक्या की ह्यांना स्वतःचे मोजे कुठे असतात हे अजून माहीत नाही. मैत्रेयीच्या शाळेच्या सहलींच्या. बदल्यांच्या पेट्या, पोतडी, कणगीएवढे डबे. आणि दरवर्षी झाशीला अरुणाताईकडे जाताना तर गाडीत आमच्यापेक्षा बरण्या जास्त. अरुणाताई माझी थोरली बहीण, तिचे यजमान तिथल्या वर्कशॉपात. तिला लोणचं, भाऊजींना रेवड्या, शेजारणीला चिकनकारीचे कुडते, तिच्या सासूबाईंना गुडघ्याचं तेल. स्टेशनवर उतरले की मला कोणी मिठी मारत नाही, आधी बरण्या उतरवून घेतात. मग फोनवर ती एकदा म्हणाली, "तुझ्या त्या सायकलीचं कौतुक पुरे झालं. ये बघू तिच्यावर बसून माझ्याकडे." ती चेष्टेत म्हणाली. मी मात्र पदराला गाठ मारून ठेवली. बाराबंकी झालं, सीतापूर झालं, गेल्या हिवाळ्यात कानपूरला जाऊन त्याच दिवशी परत आले. बँकेत झाशी म्हटल्याबरोबर एकूण एक माणसानं एकच विनोद केला, "प्रभाजी, पीठ पर किसको बाँधेंगी?" पहिल्यांदा हसले, मग कंटाळा आला. शेवटी सांगायला लागले, "पीठ पर नहीं, कैरियर पर. दोनों तरफ़." आणि ते दोनों तरफ़ काय असेल ते माझं असेल, हे मी मनाशी ठरवलं होतं. कुणासाठी रेवडी नाही, कुणासाठी तेल नाही. काल मी पलंगावर सगळं मांडलं: दोन सलवार-कुडते, स्वेटर, शाल, पंक्चरचा डबा, पाना, जादा ट्यूब, दाण्याचे लाडू, पाठीला लावायचं मलम. आणि एक चंदनाचा साबण, कोरा, फक्त माझ्यासाठी. घरात सगळ्यांचा मिळून एकच साबण असतो, तो नेहमी कुणीतरी ओला करून ठेवलेला. हे दारात उभे राहून म्हणत होते, "चेन जादा घे एक." मी म्हटलं, "नको." "तारेची गुंडाळी?" "नको." "निदान सुतळी तरी." म्हटलं, "अहो, मी झाशी जिंकायला नाही चालले!" हे गेले. आणि मी एकेक वस्तू आत सारली, काढली, पुन्हा सारली, आणि पट्टा ओढला तेव्हा उगीच डोळ्यांत पाणी आलं. काय तर म्हणे, साबण भरला! पण आलं खरं.

ते सगळं आता वऱ्हांड्यात होतं आणि मी इथे वाळू घेऊन. टपरीच्या शेजारीच पीसीओ होता, पिवळी पाटी, आत एक माणूस कान टोपीत खुपसून बसलेला. उघडा होता, म्हणजे सबबही नव्हती. घरी फोन केला तर पुढचं सगळं मला तोंडपाठ होतं. हे म्हणतील, थांब तिथेच, येतो. येतील. आल्यावर म्हणतील, आता ऊन चढलं, आज राहू दे, उद्या पहाटे नीघ. उद्या कुणाचा तरी फोन येईल, परवा मैत्रेयीला ताप येईल, बँकेची रजा तर मोजकीच. मग अरुणाताईला सांगायचं, पुढच्या वर्षी ग. ती म्हणेल, बरं झालं बाई, कशाला त्या ट्रकांत. येताना गाडीनं ये, आणि लोणचं आण. कोणी वाईट नाही ह्यात. सगळी चांगलीच माणसं. पण ही चंद्रप्रभा आज परत फिरली तर पुन्हा निघायची नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि कुल्हडाचा तळ बघता बघता एक भलताच विचार आला, की चाचणीच्या डब्यातली गोणी असते तशी मी. जिथे ठेवली तिथे. चित्तरंजनला ठेवली, मग मानक नगरला ठेवली, वजन जुळलं, डबा पळाला. गोणी काही म्हणत नाही. तिला खिडकी दिली तरी ती बाहेर बघत नाही. मग म्हटलं, छे! सकाळच्या पारी हे काय रडगाणं? गोण्यांना पोटऱ्या असतात का? माझ्या पोटऱ्या बघा, बंथऱ्याजवळ आणलंय मी ह्या वाळूला, वाळूनं नाही मला आणलेलं! टपरीवाला म्हणाला, "दीदी, एक चाय और?" मी म्हटलं, "चाय नहीं. ये बालू चाहिए आपको?"

त्याला हवीच होती. टपरीपुढे चिखल झाला होता, पायपुसणं म्हणून पोतं टाकलं होतं तेही रुतलेलं. आम्ही दोघांनी मिळून वाळू ओतली. ह्यांनी चाळून, उन्हात घालून, पुन्हा तोलून भरलेली वाळू एका टपरीपुढच्या चिखलात पडताना बघून मला जरा वाईट वाटलं आणि पुष्कळसं बरं वाटलं. तो पायानं ती पसरत म्हणाला, "बढ़िया बालू है. छनी हुई." मी म्हटलं, "मेरे पति ने छानी है." "क्या करते हैं?" "रेल में हैं." त्यानं मान हलवली, जणू रेल्वेत सगळे वाळूच चाळतात. चहाचे पैसे घेईना, मी दिलेच. रिकाम्या पिशव्या पुन्हा अडकवल्या. कंबरेच्या बटव्यात पैसे होते, बाटलीत पाणी होतं, कानपूरला आज रात्री ज्यांच्याकडे उतरायचं ते शरदराव ह्यांचे जुने सोबती, त्यांच्या घरी स्वेटर मिळेल एखादा, कुडता मिळेल. पंक्चर झालं तर ह्या रस्त्यावर दर मैलावर टायर टांगलेलं दुकान आहे. साबण? साबण कुठेही मिळतो, त्यात काय. असं म्हणून मी पायडलवर पाय ठेवला आणि सायकल एकदम अंगाखालून निसटावी तशी पुढे गेली. आई ग! पंधरा दिवसांत मी विसरलेच होते की सायकल मुळात इतकी हलकी असते. मिरजेला वडिलांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून तिरकी चालवायचे, तेव्हा उतारावर असंच व्हायचं. आई ओरडायची, पडशील मेले, आणि मी पडायचेही, पण त्या पडण्याच्या आधीचं जे होतं ते नंतर इतकी वर्षं मला कुठे मिळालं नव्हतं. धुकं फाटत होतं. दोन्हीकडे मोहरी फुलायच्या बेतात, मधेच आंब्यांच्या बागा काळ्या, गप्प. थंडी बाह्यांतून आत येत होती, दात वाजत होते आणि मी त्या वाजणाऱ्या दातांनी मोठ्यांदा गात होते. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवरच्या बायका माझ्याकडे बघून हसल्या, एकीनं हात केला. वाटलं, सामान ही मुळात अफवाच आहे. असंच जावं झाशीपर्यंत, हात हलवत, आणि अरुणाताईनं विचारलं बरण्या कुठे, तर सांगावं, मी आलेय ना.

नवाबगंजच्या आधी एक पूल लागतो. त्याच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, एक स्कूटर स्टँडवर उभी होती, तोंड माझ्याकडे करून. शेजारी एक माणूस: माकडटोपी, कोट, कोटाखाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, पायांत घरातल्या सपाता. अशा लेंग्याचा माणूस उत्तर प्रदेशात एकच. मागच्या सीटवर दोन पिशव्या बांधलेल्या. माझं गाणं घशातच राहिलं. राग आला, खरं सांगते, आधी राग आला. संपलं, म्हटलं. आता ऊन चढलं, आज राहू दे. मी ब्रेक दाबला, पाय टेकला आणि तिथूनच म्हणाले, "मी परत येणार नाही हं! आधीच सांगते." हे म्हणाले, "कोण म्हणतंय परत ये? सामान राहिलं तुझं." "केव्हा कळलं तुम्हाला?" "तू फाटकाशी होतीस तेव्हाच. आत वळलो आणि पाय अडखळला पिशवीला." मी थक्क झाले. फाटक म्हणजे आमच्या वऱ्हांड्यापासून चार क्वार्टरं. "अहो, मग हाक का नाही मारलीत?" हे सपातांकडे बघू लागले. मग म्हणाले, "मागून कशी मारणार? निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये म्हणतेस ना तू." ह्याच माणसानं जन्मभर ह्या गोष्टीची चेष्टा केली होती. ह्यांच्या प्रत्येक टूरला मी मैत्रेयीला गप्प करायचे आणि हे मुद्दाम जिन्यात थांबून ओरडायचे, हाक मारा की कुणीतरी! "आणि टपरीशी? तिथे मी किती वेळ बसले होते!" "बघितलं ना मी. पण पाठमोरी होतीस." "मग?" "मग काय, पुढे येऊन थांबलो." एवढं सांगून ह्यांनी टोपी कपाळावर ओढली. लेंग्यात, सपातांत, त्या थंडीत हा माणूस मला ओलांडून, पूल ओलांडून, पुढे जाऊन उभा राहिला होता, केवळ मला समोरून हाक मारता यावी म्हणून. आणि समोरून आल्यावर तर मारलीही नाही. मला ह्यांचा इतका लोभ आला की काय करावं कळेना, म्हणून मी रागावले. "पायांत मोजे तरी घालायचे!" हे म्हणाले, "कुठे असतात?"

पिशव्या ह्यांनी सोडल्या, पण दिल्या माझ्या हातात. चढवायला पुढे आले नाहीत. हात मागे बांधून उभे. मी पट्टा सैल करून आत बघितलं. सगळं जिथल्या तिथे, शालीची घडी माझ्या हातची, साबण कोपऱ्यात. "काही घातलं नाहीत ना आत? चेन? सुतळी?" "उघडलीसुद्धा नाही." मग जरा थांबून, न राहवून, "एक सांगू? डावीकडे वजन जास्त आहे. स्कूटरवर कळलं मला, सारखी ओढत होती. पाना आणि ट्यूब उजवीकडे टाकली की झालं. टाकू?" ह्यांचा हात पुढे आला होता, अर्ध्यात थांबला होता. मला माहीत होतं, वजन एकीकडे झुकलेलं बघून ह्यांना घास जात नाही. मी म्हटलं, "नको. मुद्दाम ठेवलंय. मी डावीकडे उतरते. उतरल्यावर जे लागतं ते सगळं डावीकडे." हे बराच वेळ सायकलकडे बघत राहिले. चाकाकडे, कॅरियरकडे, मग माझ्या पायांकडे. "हे लक्षातच नाही आलं," म्हणाले. "आमच्या गोण्या उतरत नाहीत ना कधी." आणि मग हसले, आधी हळू, मग टोपी हलेपर्यंत. मीही हसले. पुलाच्या कठड्यावर बसून आम्ही एकेक दाण्याचा लाडू खाल्ला. हे म्हणाले, "कानपूरपर्यंत येऊ का मागेमागे? काही बोलणार नाही." मी म्हटलं, "नाही." "बरं," म्हणाले. नुसतं बरं. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्या एका शब्दावर इतक्या लवकर बरं म्हटलेलं मला आठवत नाही. वाळू कुठे गेली ते ह्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मी "येते" म्हटलं आणि निघाले. सायकल पुन्हा जड झाली होती, आणि खरंच डावीकडे जराशी ओढत होती, दर पायडलाला. त्या ओढीला हात सरावेपर्यंत जरा वेळ लागला. मागे स्कूटर सुरू झाल्याचा आवाज येईना. म्हणजे हे अजून तिथेच उभे. वळून बघायचं नाही म्हणून मी समोर बघतच ओरडले, "अहो, जा की आता! थंडी वाजेल!" मागून उत्तर नाही. देणार कसं, मी तर निघाले होते. मी पुढे गेले, आणखी पुढे गेले, आणि मग मागून स्कूटरचा हॉर्न वाजला. एकदा. मग थांबून पुन्हा एकदा, चांगला लांबलचक. हॉर्न म्हणजे हाक नव्हे, असं त्या माणसानं उभ्या उभ्या ठरवून टाकलं असणार, पुराव्यानिशी. मला इतकं हसू फुटलं की हँडल डगमगलं. मी अंगठा लावला आणि वळण येईपर्यंत घंटी वाजवत राहिले.